हिवाळा म्हणायचं

रंगनाथला माणसांची गावं ओळखायचा नाद होता. शनिशिंगणापूरच्या वाटेवर रुईच्या पानांच्या माळा आणि तेलाच्या बाटल्या विकण्यात त्याची निम्मी हयात गेली, उरलेली कांद्याच्या वाफ्यांत. गाडीतून उतरलेल्या माणसानं तोंड उघडलं की हा विचारायचा, "कुठले?" आणि त्यानं सांगायच्या आत स्वतःच सांगून टाकायचा, "इंदूरकडचे दिसताय. यंदा तुमच्याकडं थंडी लई पडली म्हनं." गिऱ्हाईक खूश व्हायचं, माळेसोबत तेलाची बाटलीही घ्यायचं. तो स्वतः नगरच्या पलीकडं फारसा कधी गेला नव्हता, पण कुठं द्राक्षं पिकतात, कुठं समुद्राचं वारं घाम काढतं, कुठं वळवानं छपरं उडाली, हे सगळं त्याला बसल्या जागी ठाऊक असायचं.

पुढं कधीतरी त्याची गावं एकमेकांत मिसळायला लागली. सुरतेच्या माणसाला त्यानं विचारलं, "तुमच्याकडं ज्वारीला पानी हाय का औंदा?" सोलापूरला समुद्र आहे म्हणून एका बाईशी वाद घातला. लोक हसले. त्याची बायको राहीबाईही हसली. पण एका सकाळी कांदा खुरपताना त्यानं खुरपं खाली ठेवलं, तिच्याकडं नीट पाहिलं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "कुठल्या तुमी, बाई?" त्या दिवशी ती हसली नाही.

मग तो चालायला लागला. माळा ओवताना मध्येच उठायचा आणि पाय नेतील तिकडं निघायचा. एकदा सोनईच्या रस्त्याला सापडला, एकदा कालव्याच्या कडेला. कुणीतरी ओळखीचं मोटारसायकलवर बसवून आणून सोडायचं. राहीबाईनं रात्रीची तोड काढली. बाज चौकटीत आडवी टाकून ती तिच्यावर झोपायची, म्हणजे त्याला बाहेर जायचं तर तिच्या अंगावरून जावं लागेल. दुसरा इलाज नव्हता, कारण घराला दार नव्हतं.

शिंगणापुरात जुन्या घरांना दारं नसतात. चौकट असते, तिच्यावर फार तर पडदा. राखणारा शनिदेव आहे, कुलूप लावणं म्हणजे त्याच्यावर भरवसा नसणं, अशी गावाची समजूत. आता लॉजवाल्यांनी शटरं बसवलीत, काही घरांत कुत्र्यांसाठी फळी आडवी लावतात. रंगनाथच्या चौकटीला मात्र बिजागरीचा खिळासुद्धा कधी लागला नव्हता. राहीबाई सोनईहून लग्न होऊन आली तेव्हा तिला उघड्या घरात झोप यायची नाही. सवय व्हायला दोन पावसाळे गेले. रंगनाथ तर त्याच घरात जन्मला. बंद दार आतून कसं दिसतं ते त्याला म्हातारपणापर्यंत माहीतच नव्हतं.

ते त्यानं सुप्याला पाहिलं. मुलगा ज्ञानेश्वर तिथल्या एमआयडीसीत कामाला होता, सून आरती दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला. दिवाळीत त्यानं दोघांना तिकडं नेलं. दोन खोल्या आणि पुढं लोखंडी दार. अण्णा कुठं जाऊ नयेत म्हणून ड्युटीवर जाताना ज्ञानेश्वरनं बाहेरून कडी घातली. राहीबाई आत होती, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. रंगनाथ दाराशी गेला. त्यानं ढकलून पाहिलं. उघडेना तसा तो तळव्यांनी दार बडवायला लागला. "कोन हाय तिकडं? आमाला का कोंडलं? आमी काय केलं?" संध्याकाळपर्यंत त्याचं हेच चाललं होतं. राहीबाईनं हात धरले, शपथा घातल्या, शेवटी त्याच्यासोबत रडली. संध्याकाळी त्याचे तळवे जांभळे पडले होते, भाकरीचा तुकडा धरता येईना, घास तिनं भरवला. दुसऱ्या दिवशी ती त्याला एसटीत घालून गावी घेऊन आली. येताना तिच्या मनात एकच होतं. ह्या माणसाला पुन्हा दाराआड जाऊ द्यायचं नाही.

ज्ञानेश्वरनं मात्र फोनवर सांगून टाकलं, "आई, अण्णांना नगरच्या डॉक्टरला दाखव. इसरायचा आजार असंल तर एक तर त्या घराला मी दार बसवतो, न्हाई तर दोघांना इकडं आनतो. तिसरं काय न्हाई."

"गावात काय म्हनत्याल?"

"गाव येनार हाय का राखायला?"

तिनं फोन ठेवला. तेवढ्यात रंगनाथला ताप भरला, म्हणून ती त्याला नगरला घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस होता, घाईत असला तरी. त्यानं रक्त तपासायला दिलं आणि खुर्ची पुढं ओढून रंगनाथला विचारायला लागला. आपला देश कोणता? राज्य कोणतं? राज्याची राजधानी? हा जिल्हा कोणता? आत्ता ऋतू कोणता चालू आहे? तुमचं गाव कोणतं?

रंगनाथनं सगळ्यांची उत्तरं तिसरीच दिली. राजधानी म्हणाला देवळाली. ऋतू विचारल्यावर खिडकीबाहेर पाहत राहिला. गाव तेवढं विचारायचा अवकाश, चटकन म्हणाला, "शिंगणापूर."

रक्ताचा कागद आल्यावर डॉक्टर राहीबाईला म्हणाला, "रक्तातलं मीठ कमी झालंय. त्यानंही माणूस असा गोंधळतो. गोळ्या देतो, महिन्यानं मुलाला घेऊन या. हेच प्रश्न परत विचारतो. तेव्हाही असंच झालं तर मग विसरण्याचा आजार धरायचा. तसं असेल तर मात्र त्यांना मोकळं सोडून चालणार नाही. दाराला कडी लागेल."

आमच्या घराला दारच नाही, हे तिनं त्याला सांगितलं नाही.

गोळ्यांनी ताप गेला, भूक लागायला लागली, पण गावं काही जागेवर आली नाहीत. महिना सरत आला तशी राहीबाई आपल्या धाकट्या जावेकडं, लंकाबाईकडं गेली. लंकाबाईची रस्त्याला रसवंती होती आणि ती रोजचा पेपर वाचायची, त्यामुळं भावकीत तिचा शब्द चालायचा.

"लंके, डाक्टर हेच इचारनार हाय परत. उत्तरं सांग मला. मी त्यांच्याकडून पाठ करून घेते."

"आक्का, पाठ केल्यानं आजार बरा हुतो व्हय?"

"आजार न्हाई, दार टळतं."

लंकाबाईनं रसाचा ग्लास विसळून पालथा घातला. "बरं. देश भारत. राज्य महाराष्ट्र. राजधानी मुंबई." मग ती थांबली. "पन हिवाळ्यात नागपूर असती."

"मंजी?"

"सरकार हिवाळ्यात नागपूरला जातं. पेपरात येतं की. उपराजधानी."

"आन आता हिवाळाच हाय की गं. मग नागपूर सांगायचं का मुंबई?"

दोघी विचारात पडल्या. रसवंतीवर रस पीत बसलेला एक ट्रकवाला म्हणाला, "मावशे, मुंबईच सांगा. नागपूरला सरकार पाव्हनं म्हनून जातं, आन जेवून म्हागारी येतं."

"आन जिल्हा? नगर का ते नवं?"

"नवं सांगा," ट्रकवाला म्हणाला, "अहिल्यानगर. जुनं सांगितलं तर म्हनत्याल, म्हातारा जुन्यातच ऱ्हायला."

राहीबाईला लिहिता येत नव्हतं. ती कांद्याची रोपं लावायला पोरीबाळींना शिकवायची तशी शिकवायला बसली, हातावर. रंगनाथचा पंजा मांडीवर घेतला. अंगठा भारत. त्याच्या शेजारचं बोट महाराष्ट्र. मधलं मुंबई. पुढचं अहिल्यानगर. करंगळी हिवाळा. बोट दाबायचं आणि म्हणून घ्यायचं. माळा ओवताना, भाकरीला पीठ मळताना, अंथरुणावर पडल्यावर. सुरुवातीला तो हात ओढून घ्यायचा. "राहे, काय लहान पोराला शिकिवती का?" म्हणायचा, आणि त्या क्षणी तो इतका जुना रंगनाथ वाटायचा की तिचा हात थांबायचा. मग पुन्हा अंगठा. गाव तिनं बोटांवर घेतलं नाही. ते त्याला येतच होतं, आणि पाच बोटं भरली होती.

नगरला ज्ञानेश्वर सुट्टी काढून आला होता. डॉक्टरपुढं राहीबाई नवऱ्याच्या शेजारी खुर्चीला खुर्ची लावून बसली, त्याचा हात आपल्या पदराखाली घेऊन. डॉक्टरनं विचारलं. तिनं अंगठा दाबला.

"भारत."

"राज्य?"

"महाराष्ट्र."

"राजधानी?"

"मुंबई."

"जिल्हा?"

"अहिल्यानगर."

"ऋतू?"

"हिवाळा."

डॉक्टरनं समाधानानं मान हलवली. गाव विचारल्यावर रंगनाथनं आपणहून सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "मिठाचाच प्रकार होता बहुतेक. बरीच सुधारणा आहे. वय झालंय, लक्ष ठेवा. सहा महिन्यांनी या." दाराचं त्यानं काढलं नाही, ज्ञानेश्वरनंही नाही. ज्ञानेश्वरचे डोळे भरून आले होते. बाहेर आल्यावर त्यानं बापाला कापडबाजारात नेलं आणि लोकरीचा चॉकलेटी स्वेटर घेऊन अंगात घातला. "आता थंडीत बाहेर बसलात तरी काळजी न्हाई, अण्णा."

राहीबाईला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

संक्रांत गेली, होळी गेली. रंगनाथच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जात होती. भावाचं नाव गेलं, शेताची वाट गेली, बायकोला तो आता नुसतं "ओ" म्हणायचा. पण बोटांवरचं काही हलेना. कुणीही काही विचारलं की तो अंगठ्यापासून सुरू करायचा आणि करंगळीवर थांबायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. म्हातारा शाळामास्तर होता का, असं विचारायचे.

चैत्रात ऊन तापलं. कूपनलिकेचं पाणी हातपंपाला तासभर झटल्यावर यायचं, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. रंगनाथ सकाळी उठला की स्वेटर घालायचा. राहीबाई काढायची. तो परत घालायचा.

"अहो, उन्हाळा हाय. घाम बगा किती आलाय."

"हिवाळा," तो म्हणायचा, आणि करंगळी वर करून दाखवायचा.

ती धास्तावली. परत त्याचा पंजा मांडीवर घेऊन बसली. करंगळी दाबून म्हणाली, "उन्हाळा म्हना." तो म्हणाला, "हिवाळा." तिनं दिवसच्या दिवस घातले. गोंजारलं, चिडली, एकदा करंगळी अशी पिरगाळली की तो कळवळला. कळवळून म्हणाला तेही हिवाळाच. तिनं स्वेटर लपवला, तर तो गोधडी पांघरून उन्हात बसला. शेवटी तिनं स्वेटर परत दिला. गोधडीपेक्षा तो बरा.

ज्ञानेश्वरचा फोन यायचा. "अण्णा कसं हायेत?"

"बरं हायेत."

"डोकं ठिकानावर?"

"सगळं सांगत्यात इचारलं की."

आज सांगू, उद्या सांगू असं तिच्या मनात कितीदा आलं. पण सांगायचं म्हटलं की डोळ्यांपुढं ते जांभळे तळवे यायचे, आणि ती आरतीच्या तब्येतीचं विचारायला लागायची.

वैशाखात शनिजयंती आली. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. घोडेगावच्या फाट्यापासून गाड्यांची रांग लागलेली. दुपारी लंकाबाईचा निरोप आला की रसवंतीवर गर्दी आवरेना, घटकाभर ग्लास धुवायला तरी ये. रंगनाथ नुकताच जेवून लवंडला होता, घोरत होता. राहीबाईनं बाज चौकटीत आडवी लावली, तिच्यावर पाण्याची भरलेली घागर ठेवली, म्हणजे हलवली तर आवाज होईल, शेजारची उठेल. आणि गेली.

शेजारची देवळाच्या रांगेत होती. राहीबाई परत आली तेव्हा बाज तशीच होती, घागरही तशीच. तो बाजेखालून रांगत गेला होता.

त्या गर्दीत एक म्हातारा कुणाला दिसणार? दिसला तरी कुणाला काय वाटणार? राहीबाई प्रत्येक गाडीवाल्याला विचारत फिरली. स्वेटर घातलेला माणूस पाहिला का? लोक तिच्याकडंच चमत्कारिक नजरेनं पाहायचे, वैशाखात स्वेटर? ज्ञानेश्वर संध्याकाळी पोचला. चौकीत सांगितलं, ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं, पोरं कालव्यानं फिरली. दुसऱ्या दिवशी हायवेच्या पलीकडं, कांदा काढून मोकळ्या झालेल्या एका रानात, बाभळीखाली तो मिळाला. तो टेकला तेव्हा तिथं सावली असणार, मग ती सरकून गेली होती. स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.

दशक्रिया प्रवरासंगमाला झाली. पुरुष माणसं दुपारी घरी आली, अंगणात ताडपत्रीखाली बसली. राहीबाई आत, चौकटीला टेकून. तेवढ्यात घोडेगावच्या फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा कल्याण म्हणून एक जण आला. पेपरात फोटो पाहिला होता, म्हणाला. त्याला चैन पडत नव्हतं.

"मावशी, त्या दिवशी ते माझ्याकडं आलते. दोन-अडीच वाजता आसत्याल. मी बसवलं, पानी दिलं, चहा दिला. बाबा कुठले म्हनून इचारलं."

"मग?" ज्ञानेश्वर म्हणाला.

"लई हुशार माणूस. देश, राज्य, राजधानी, जिल्हा, पटापट सांगितलं. बोटं मोजत. माझं गिऱ्हाईक हसाय लागलं. मी म्हनलं, एवढं ज्याला येतं तो कशाला चुकतोय. हितलंच कोनीतरी असंल, पाय मोकळं करायला निघालं असंल. गावाचं नाव तेवढं न्हाई सांगितलं. ते सांगितलं आसतं तर मी गाडीवर सोडलं आसतं, शपथ सांगतो."

"स्वेटर काढा म्हनलं न्हाई का कोनी?" राहीबाईनं विचारलं.

"म्हनलं की. तर म्हनले, हिवाळा हाय. मला वाटलं चेष्टा करत्यात." कल्याण खाली मान घालून बोलत होता. "एक तेवढं चुकलं. बाकी सगळं बराबर."

ज्ञानेश्वर बोटांकडं पाहत होता, आपल्याच. अंगठ्यावरून करंगळीपर्यंत नजर गेली आणि तिथंच राहिली. मग तो उठून चौकटीपाशी आला.

"आई, डॉक्टरकडं तू अण्णांचा हात धरून बसली हुती."

लंकाबाई मध्ये पडली. "ज्ञानू, उत्तरं मी सांगितली हुती रं तिला. माझी बी..."

"लंके, तू गप," राहीबाई म्हणाली. "तू फक्त सांगितलं. पाठ मी करून घेतलं. ज्ञानू, तू दार लावशील म्हनून."

अंगणात सगळे ऐकत होते. कुणीतरी खाकरलं. ज्ञानेश्वरचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोसलं असतं.

"माझी कडी तुला दिसली," तो म्हणाला. "मी सुट्टी टाकून, इथं राहून, दार बसवून त्यांच्यापाशी बसलो आसतो का न्हाई, ते इचारलं न्हाई तू मला."

"तळवं सुजलं हुतं त्यांचं."

"मला सांगितलं का तू? मी आलो तवा हात गोधडीत हुतं. सकाळी उठून बघतो तर तुमी दोघं एसटीत."

तिला आठवलं, खरंच तिनं सांगितलं नव्हतं. मुलाला वाईट वाटेल म्हणून.

तेराव्यापर्यंत तो तिच्याशी कामापुरतं बोलला. तूप किती आणायचं, भांडी कुणाची परत द्यायची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आरतीनं पिशव्या भरल्या. जाताना ती पाया पडली. "आत्याबाई, येते," म्हणाली आणि नवऱ्याकडं पाहिलं, तो आता काहीतरी म्हणेल म्हणून. गेली दोन वर्षं प्रत्येक वेळी निघताना तो एकच म्हणायचा, आई, सुप्याला चल. राहीबाईही वाट पाहत होती. ह्या वेळी ती हो म्हणणार होती की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

ज्ञानेश्वरनं मोटारसायकल सुरू केली. "तुझ्या बीपीच्या गोळ्या कोनाड्यात ठिवल्यात," म्हणाला. "सकाळची एकच घ्यायची."

"व्हय."

तो आरतीच्या बसण्याची वाट पाहत समोर बघत होता. अकरा वाजून गेले होते आणि रस्ता पांढरा पडला होता.

"डोक्याला काहीतरी बांध," राहीबाई म्हणाली. "ऊन लई हाय."

त्यानं खिशातला रुमाल काढला, बांधला आणि गाडी पुढं घेतली.